स्तनाच्या कर्करोगाचा आयएचसी रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

आयएचसी म्हणजे गाठीच्या पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंग देऊन शोधणारी तपासणी. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की छातीत धस्स होतं. पण ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पकडणारी पेशीतली प्रथिनं) पॉझिटिव्ह असणं ही वाईट बातमी नाही. गाठीच्या पेशी हार्मोनच्या जोरावर वाढताहेत, म्हणून टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हार्मोनविरोधी गोळ्या लागू पडण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा रुग्णांनी ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. मात्र हा प्रकार बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परस्पर गोळ्या बंद करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

हर-२ (पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) पॉझिटिव्ह हा शेरा एके काळी खरोखरच धास्तीचा होता. १९९८ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब या हर-२ वरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. त्यामुळे त्याआधीचे आकडे वाचून खचू नका. आणखी एक, हर-२ चा २+ निकाल संदिग्ध असतो, ते उत्तर नाही, तिथे फिश (हर-२ च्या जनुकाच्या प्रती मोजणारी) तपासणी लागते. ती होण्याआधी उपचार ठरवायची घाई नको.

सगळ्यात दुर्लक्षित चूक मात्र निगेटिव्ह निकाल डोळे झाकून मानण्याची. प्रथिनं नाजूक असतात. गाठीचा तुकडा काढल्यावर तासाभरात फॉर्मलिनमध्ये जायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. उशीर झाला तर मुळात असलेलं ईआरही रंग घेत नाही. स्लाइडवर शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांमधल्या काही पेशींनी तरी ईआरचा रंग घेतलाच पाहिजे. त्याही कोऱ्या असतील, तर गाठ निगेटिव्ह ठरत नाही, तपासणीच फसलेली असते. ग्रेड १ ची (सगळ्यात सौम्य दिसणारी) गाठ आणि ईआर शून्य अशी जोडी दिसली, तर पॅथॉलॉजिस्टशी बोलून तपासणी पुन्हा करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, जपून ठेवलेला असतो, तो मागता येतो. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) ठरवण्याआधी तर ही खात्री हवीच, कारण त्या एका शब्दाने सगळे उपचार बदलतात.

केआय-६७ चं (गाठीच्या किती टक्के पेशी वाढत आहेत ते सांगणाऱ्या आकड्याचं) म्हणाल तर ५ टक्के किंवा कमी, ३० टक्के किंवा जास्त, एवढंच बऱ्यापैकी भरवशाचं. मधले आकडे मोजणाऱ्यागणिक बदलतात. १८ चे २२ झाले म्हणून आजार वाढला असं धरू नका.

रक्तातल्या सीए १५-३ या कर्करोगाच्या मार्करवरून निदान होत नाही. सुरुवातीच्या आजारात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो.

आजार दुसरीकडे पसरला, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. ईआर, पीआर, हर-२ हे मार्कर बदललेले असू शकतात, म्हणून शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करतात. तुकडा हाडाचा असेल तर तो मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं होतं का, हे जरूर विचारा. त्यानेही निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.