शहराभोवतीच्या चालण्या-धावण्याच्या सुंदर वाटा कशा शोधाव्यात

नकाशा उघडा आणि रस्त्यांकडे दुर्लक्ष करून आधी पाणी शोधा. नदी, ओढा, कालवा, तलाव, जे काही निळं दिसेल ते. कालवा खोदतानाच त्याला अगदी मंद उतार दिलेला असतो, त्यामुळे त्याच्या काठची वाट जवळपास सपाट मिळते. वाटेत चौक आणि सिग्नलही कमी. बंद पडलेल्या लोहमार्गांचं तसंच आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून हे मार्ग गुडघ्यांना मानवतात. न्यूयॉर्कमधली २००९ साली खुली झालेली हाय लाइन ही जुन्या मालगाड्यांच्या उंच रुळांवर केलेली बाग आहे; तिथे मात्र गर्दीमुळे धावण्यापेक्षा रमतगमत चालणंच बरं.

नकाशाही नीट निवडा. गाडीवाल्यांसाठी केलेल्या नकाशात पायवाटा बऱ्याचदा गायब असतात. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून स्वयंसेवक भरत आले आहेत, त्यात त्या तुटक रेषांनी दिसतात. मग उपग्रहाचं चित्र लावून सावली कुठे आहे ते बघा. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधल्या हीटमॅपवर कोणत्या वाटेने लोक जास्त धावतात ते कळतं, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही. लोक घराजवळ सोयीचं असेल तिथे धावतात, सुंदर असेल तिथे नव्हे.

टेकडीकडे जायचं असेल तर नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहा. त्या जितक्या जवळजवळ, तितका चढ खडा. वेळेचा अंदाज काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून उपयोगी पडतो: साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल तर दोन तास सहज. थांबून फोटो काढणं यात धरलेलं नाही.

आता प्रत्यक्ष जा, पण पहिल्यांदा धावू नका, चाला. हा टप्पा मी एकदा गाळला आणि कालव्याकाठी तीन किलोमीटर धावल्यावर समोर कुलूप लावलेलं फाटक आलं. नकाशात वाट पुढे जात होती! तेव्हा पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, भटकी कुत्री, फाटकांच्या वेळा, मध्येच सोडून परतता येईल अशा जागा हे सगळं चालतानाच हेरून ठेवा. ज्या वेळी धावणार असाल त्याच वेळी जा. दुपारी निवांत वाटलेला पूल पहाटे अंधारा आणि निर्मनुष्य असू शकतो.

जाऊन त्याच वाटेने परत येण्यापेक्षा फेरी पूर्ण होईल असा वळसा चांगला. सकाळी सुरुवात पश्चिमेकडे केली तर ऊन पाठीवर राहतं. महिनाभराने तीच फेरी उलट्या दिशेने करा, निम्म्या गोष्टी पहिल्यांदाच दिसतात. दूरच्या वाटेसाठी बसने किंवा रेल्वेने टोकाला जा आणि घराकडे धावत या. घराकडे निघालेलं माणूस सहसा मध्येच सोडून देत नाही.

पदपथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला आणि एक कान तरी मोकळा ठेवा. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून मार्ग टिपणाऱ्या जीपीएस घड्याळात वेड्यावाकड्या रेघा उमटतात, अंतरही चुकतं. तिथल्या वेगावरून मनाला लावून घेऊ नका.

वाट जमली की फोनमध्ये साठवताना तिला नीट नाव द्या. ‘मार्ग ७’ म्हणजे काय ते सहा महिन्यांनी आठवत नाही. ‘दोन पूल, शेवटी चढ’ हे वाचलं की लगेच आठवतं.