बालीचा ‘ऑन अरायव्हल’ व्हिसा कसा काढायचा

मुंबईच्या टी-टूवर, रात्री दीड वाजता, चेक-इनच्या मुलीने आईचा पासपोर्ट उघडला, फोटोच्या पानाचा कोपरा नखाने चाचपला आणि विचारलं, “काकू, हा भिजला होता का?” पावसाळ्यात कपाटात ओल आली होती आणि पानावरचं प्लास्टिक नखभर सुटलं होतं. घरी ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग सुपरवायझर आला, कोणाला तरी फोन झाला आणि आमच्या मागची रांग आमच्याकडे टकमक बघू लागली. वीस मिनिटांनी बोर्डिंग पास हातात पडले, पण तोवर आईचा चेहरा उतरला होता.

‘उतरल्यावर व्हिसा मिळतो’ हे खरं आहे. पण तो मिळेल की नाही याचा पहिला निकाल मुंबईतच लागतो. प्रवाशाला बालीहून परत पाठवलं तर त्याला माघारी आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो, त्यामुळे काउंटरवरची माणसं इमिग्रेशनवाल्यांपेक्षा कडक असतात. म्हणून सुरुवात घरापासून करू.

घरी: पासपोर्ट

बालीत उतरायच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी. साडेपाच महिने असतील तर वाद घालत बसू नका, आधी नूतनीकरण करा. कोरं पान आहे ना, तेही बघा. मग तो उजेडात धरून नीट तपासा: शिवण सुटली आहे का, पान फाटलंय का, पाणी लागलंय का, नातवाने पेन चालवलंय का. फाटक्या-भिजक्या पासपोर्टच्या बाबतीत इंडोनेशिया फारच काटेकोर आहे.

घरात कोणाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते असा शेरा, असेल (दहावी न झालेल्या आई-वडिलांच्या पासपोर्टवर बहुधा असतं), तर घाबरू नका. ईसीआरच्या देशांच्या यादीत इंडोनेशिया आहे, पण ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागते. पर्यटकाला ती नको. फक्त आपल्याकडच्या इमिग्रेशनवर दोन प्रश्न जास्त विचारतात, तेव्हा परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग त्यांच्याच हातात द्या. कागद मुलाच्या बॅगेत आणि मुलगा दुसऱ्या रांगेत, असं व्हायला नको.

परतीचं किंवा पुढच्या देशाचं तिकीट छापून घ्या. “रिटर्न दाखवा” हा प्रश्न येतोच, आणि नेमकं तेव्हाच विमानतळाचं वाय-फाय ओटीपी मागत बसतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सिंगापूरमार्गे जाताय आणि दोन वेगवेगळी तिकिटं काढली आहेत? मग सामान सिंगापूरला बाहेर येऊन घ्यावं लागू शकतं, आणि बाहेर यायचं तर भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन अख्खी सहल अडकते. एकाच तिकिटावर, सामान थेट बालीच्या देनपासारपर्यंत जाणार असेल तर हा प्रश्न येत नाही.

आधीच ऑनलाइन काढायचा की तिथे जाऊन?

दोन्ही चालतं. मुदत सारखीच, तीस दिवस. फीही सारखीच, माणशी ५,००,००० रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच ते तीन हजार रुपये. ऑनलाइनला वर थोडं प्रक्रिया शुल्क लागतं. तान्ह्या बाळालाही वेगळा व्हिसा आणि पूर्ण फी.

मी ऑनलाइनच्या बाजूची आहे. सरकारी संकेतस्थळावर पासपोर्टचा स्कॅन आणि फोटो चढवायचा, कार्डने पैसे भरायचे, व्हिसा ईमेलवर येतो. मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रवेश करायचा असतो. मात्र तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं ठिकाण संकेतस्थळाचं. नावाने आणि रंगाने अगदी सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्ता ‘go.id’ने संपतोय ना, एवढं बघा.

दुसरं नावाचं. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. फॉर्म भरताना मधलं नाव गाळायचा मोह होतो. गाळू नका, पासपोर्टवर आहे तसंच उतरवा. पासपोर्ट क्रमांक तर दोनदा वाचा, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचा. चुकलेल्या व्हिसाचे पैसे परत मिळत नाहीत.

तिसरं कार्डाचं. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आधी सुरू करा, नाहीतर शेवटच्या पानावर ‘पेमेंट फेल्ड’ येत राहतं आणि माणूस संकेतस्थळाला शिव्या देतो.

“आम्ही अठरा साली गेलो तेव्हा काही व्हिसाबिसा लागला नव्हता,” असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्यांचं तेव्हाचं बरोबर आहे. २०२० पूर्वी भारतीयांना तो माफ होता. कोविडमध्ये ती सवलत थांबली आणि २०२३ मध्ये अधिकृतपणे रद्द झाली.

निघण्याआधीचे तीन दिवस

इंडोनेशियाचा ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा एकच डिजिटल फॉर्म आहे. कस्टम्स, आरोग्य आणि आगमनाची माहिती त्यातच जाते. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, तोही फुकट. शेवटी क्यूआर कोड मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. हा व्हिसा नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण कोड हातात आला की पुष्कळांना वाटतं झालं सगळं.

बालीसाठी आणखी एक भरणा आहे. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून माणशी १,५०,००० रुपिया घेतो. ते ‘लव्ह बाली’वर आधीच भरता येतात. याचा व्हिसाशी संबंध नाही, पावती मात्र फोनमध्ये असू द्या.

उतरल्यावर

देनपासारच्या न्गुरा राय विमानतळावर उतरलात की घड्याळ अडीच तास पुढे करा. ऑनलाइन व्हिसा असेल तर पैशाच्या काउंटरकडे बघायचंही नाही, सरळ इमिग्रेशनला जायचं. ऑटोगेट आहेत. मशीनने पासपोर्ट घेतला नाही तर अधिकाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं, त्यात बिघडत नाही.

व्हिसा तिथेच घ्यायचा असेल तर आधी ‘व्हिसा ऑन अरायव्हल’च्या पाटीखालच्या खिडकीवर पैसे भरा आणि मग इमिग्रेशनच्या रांगेत लागा. हा क्रम उलटा झाला की अर्धा तास रांगेत उभं राहून पुन्हा मागे यावं लागतं. दोन-तीन विमानं एकदम उतरली की या खिडकीपुढची रांग आपल्या एसटी स्टँडवरच्या दिवाळीची आठवण करून देते.

पैसे रुपियात, डॉलरमध्ये किंवा कार्डने देता येतात. डॉलर देणार असाल तर नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. घडी पडलेली, शाई लागलेली नोट तिकडे घेताना कुरकुर करतात. डॉलर दिले तरी सुट्टे बहुधा रुपियातच परत येतात. एक गंमत लक्षात ठेवा: तिकडे हजारांच्या जागी टिंब देतात. फलकावर ‘५००.०००’ दिसतं आणि आपला डोळा ते ‘पाचशे’ वाचतो. आई खिडकीपाशी पर्समधून पाचशेची नोट काढून उभीच होती.

अधिकारी फारसं बोलत नाहीत. किती दिवस, कुठे राहणार, इतकंच. “टूरिस्ट, दहा दिवस, उबुदला” एवढं सांगायचं. तिथे योगाचे वर्ग घेणार आहे, फोटोग्राफीचं काम मिळालंय, असलं काही असेल तर हा व्हिसा तुमच्यासाठी नाही. पर्यटकाच्या व्हिसावर पैसे कमावणाऱ्यांना बालीतून परत पाठवतात.

शिक्का बसला की तिथेच, बाजूला होऊन, तारीख वाचा. मग सामान, मग कस्टम्सला तो क्यूआर. ताजी फळं नेऊ नका. हापूस घरी खाऊन निघा.

तीस दिवस मोजताना

उतरला तो दिवस पहिला. रात्री पावणेबाराला उतरलात तरी तो पूर्ण दिवस धरतात. १ जूनला पोहोचलात तर ३० जूनपर्यंत बाहेर पडायचं. एक दिवस जास्त राहिलात की १०,००,००० रुपिया दंड, आणि तो रोज वाढतो. आणखी राहायचं असेल तर एकदाच, तीस दिवसांची मुदतवाढ मिळते. त्यासाठी पुन्हा तेवढीच फी आणि इमिग्रेशन कार्यालयात फोटो-मुलाखतीसाठी फेरी असते, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि पाडव्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक. बालीतही शक संवत्सर चालतं आणि त्यांचं नववर्ष, न्येपी, अनेकदा आपल्या गुढीपाडव्याच्या आसपास येतं. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला होतं आणि पाडवा ३० ला. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला. आपण गुढी उभारतो, शोभायात्रा काढतो, ते मौन पाळतात. रस्ते रिकामे, दिवे मंद, पर्यटकांनीही हॉटेलातच थांबायचं. विमानतळ पूर्ण २४ तास बंद असतो. व्हिसाचा शेवटचा दिवस न्येपीला येत असेल तर तिकीट आदल्या दिवसाचं काढा.