स्टेरॉइड कमी करताना दुखणं परत आलं? या चुका टाळा

मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. प्रेडनिसोलोन ही माझी स्टेरॉइडची गोळी, ती २० मिग्रॅवरून १० पर्यंत आली तेव्हा काही जाणवलंच नाही, पण ७.५ वरून ५ वर आले आणि तिसऱ्या दिवशी दादरला पुलाचा जिना चढताना मांड्या इतक्या भरून आल्या की कठडा धरून उभीच राहिले, मागून गर्दी येतेय आणि माझ्या डोक्यात एकच, आजार उलटला. घरी येऊन कोणालाही न विचारता १० ची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी छान वाटलं, म्हणून मला खात्रीच पटली की आमवातच होता. ही सगळ्यात मोठी चूक.

कारण गोळी वाढवली की आजाराचं आणि स्टेरॉइड कमी केल्याचं, दोन्ही प्रकारचं दुखणं थांबतं. आपल्या किडनीच्या वर अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात, साधारण ४ ते ६ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं. तीन-चार आठवड्यांच्या वर बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या ग्रंथी काम कमी करतात, आणि डोस ५ च्या आसपास आला की त्यांना परत कामाला लागावं लागतं, ते काही एका आठवड्यात होत नाही. मग अंग ठणकतं, थकवा येतो, भूक लागत नाही, उगाच रडू येतं. हे स्टेरॉइड सुटतानाचं दुखणं, आजाराचं नाही.

फरक कसा ओळखायचा? सुटतानाचं दुखणं बहुतेक वेळा डोस कमी केल्यावर काही दिवसांतच येतं, मांड्या, खांदे, पाठ असं सगळंच दुखतं पण सूज नसते, आणि हळूहळू ओसरतं. आमवाताचा भडका असेल तर ठरावीक सांधे सुजतात, हात लावला तर गरम लागतात, बोटातली अंगठी निघत नाही, सकाळचा आखडलेपणा तासभर तरी सुटत नाही, आणि रक्ताच्या तपासणीत सूज-दाह दाखवणारं ईएसआर-सीआरपी बहुतेक वाढलेलं येतं. दोन्ही एकत्र पण असू शकतं, म्हणून निकाल आपण लावायचा नाही. डोस कधी कमी केला, कुठे दुखतंय, सूज आहे का, सकाळी किती वेळ आखडतं, एवढं रोज वहीत लिहा आणि सुजलेल्या बोटांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते.

एक तिसरं दुखणं पण असतं, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जांघेत दुखतंय, चालताना लंगडायला होतंय, किंवा पाठीच्या मणक्यात अचानक कळ आली, तर त्याला टेपरिंगचा, म्हणजे डोस हळूहळू कमी करण्याचा त्रास समजून थांबू नका. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, हाडं ठिसूळ होऊन मणका दबू शकतो. लगेच दाखवा.

केमिस्टकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून स्वतःच सुरू करू नका, स्टेरॉइडसोबत पोटात अल्सर व्हायचा धोका वाढतो, आणि पावसाळ्यात अंगदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यू पण असू शकतो, त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती असते. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. कोणी सांधेदुखीची बिन-लेबलची पुडी दिली तर नकोच, अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, मग टेपरिंगला अर्थच राहत नाही.

आमवातासाठी दिलेल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीचा काही उपयोग होत नाही असं वाटून ती बंद करू नका. तिचा असर दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि स्टेरॉइड कमी करता यावं म्हणूनच तर ती दिलेली असते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते हं, चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं.

वैतागून स्टेरॉइड एकदम बंद तर अजिबात करू नका, प्लीज. उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं, गुंगी असं झालं तर सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि आधी सांगा की मी स्टेरॉइडवर आहे. माझ्या पर्समध्ये, लोकलच्या पासमागे तशी चिठ्ठी असते. मोठा ताप आला किंवा ऑपरेशन असेल तर डोस कमी नाही, उलट काही दिवस वाढवावा लागतो, तो किती ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

आणि दिवस बघून डोस कमी करा. आमच्याकडे गौरी-गणपती असतात, मोदक वळायचे, तासन्तास उभं राहायचं, त्याच्या आदल्या आठवड्यात मी कमी केला आणि आठ दिवस हाल झाले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, अहो, मला सांगायचं ना, पंधरा दिवस पुढे ढकललं असतं.

आता माझं एक दिवस ५ आणि एक दिवस २.५ असं चालू आहे, सकाळी नाश्त्यानंतर. पुढच्या महिन्यात कॉर्टिसोलची टेस्ट आहे, सकाळी ८ च्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी. ती आल्यावर पुढचा डोस ठरेल.