सामाईक भिंतीला हात लावण्याआधी

नागपुरात महाल, इतवारीकडच्या जुन्या वस्तीत दोन घरांमध्ये अनेकदा एकच भिंत असते. बांधकाम सुरू करण्याआधी दोन्ही घरांच्या आखीव पत्रिका (नगर भूमापनाचे मिळकत उतारे) काढा आणि भिंत हद्दीवर आहे की एकाच्याच जागेत, ते बघा. मग शेजाऱ्यांच्या समक्ष त्यांच्या बाजूच्या भेगांचे तारखेसह फोटो घ्या. हे टाळूच नका! आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून जुनी भेग कोणती आणि खोदकामाने पडलेली कोणती, यावरूनच भांडण पेटतं. तोंडी ‘हो काकाजी’वर काम सुरू करू नका. पाया किती खोल, भिंतीवर बीम टेकवायचा का, टेकू आणि गिलाव्याचा खर्च कोणाचा, सगळं लेखी हवं. भिंतीवरचा मालकी हक्कच बदलत असेल, तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा.