जुन्या प्रियसची बॅटरी घरी दुरुस्त केल्यावर पेटणारे दिवे: दोष कुठे आणि कसा शोधायचा

बॅटरीची मॉड्यूल (पॅकचे सुटे तुकडे) बदलून झाली, झाकण बसलं, पॉवरचं बटण दाबलं आणि लाल त्रिकोण, चेक इंजिन, व्हीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि ब्रेक असे चारही दिवे एकदम लागले, तर गाडीत चार बिघाड झालेत असं समजू नका. बहुतेक वेळा दोष एकच असतो. ईसीयू म्हणजे गाडीतला नियंत्रक संगणक. हायब्रिड ईसीयूचा बॅटरीवरचा भरवसा उडाला की तो रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे ब्रेक लावताना बॅटरी चार्ज करणं, थांबवतो. ब्रेकचा ईसीयू तेवढ्यावरून आपले दिवे लावतो. म्हणून दिवे मोजत बसू नका. ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचा आणि तुमचा हात शेवटचा जिथे लागला होता तिथून शोध सुरू करा.

इथली माहिती २००४ ते २००९ दरम्यानच्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियससाठी आहे. अमेरिकेत या गाड्या जुन्या बाजारात भरपूर मिळतात, आणि बॅटरी घरी खोलण्याचे सर्वाधिक प्रयोग याच गाडीवर होतात. तिच्या पॅकमध्ये निकेल-मेटल हायड्राइडची २८ मॉड्यूल असतात. एका मॉड्यूलमध्ये ६ सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट, आणि पूर्ण पॅक २०१.६ व्होल्टचा. बॅटरी ईसीयू प्रत्येक मॉड्यूल वेगळं पाहत नाही. दोन-दोनची जोडी करून १४ ब्लॉकचे व्होल्ट वाचतो. पुढचं सगळं निदान या १४ आकड्यांवर चालतं.

झाकण पुन्हा काढण्याआधी

कोड वाचून झाले (ते कसे, खाली आहे) की गाडी बंद करा, चावी लांब ठेवा, १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग नारिंगी सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवा. इन्व्हर्टरमधले (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या भागातले) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला १० मिनिटं द्या. हातात १००० व्होल्टचे, क्लास ० चे रबरी हातमोजे हवेत. घालण्याआधी त्यांत हवा भरून भोक नाही ना ते पाहा. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा.

प्लग काढला म्हणजे पॅक निर्जीव झाला, हा समज जीवघेणा आहे. प्लग फक्त पॅकचे दोन भाग करतो. प्रत्येक भागात माणूस मारण्याइतका डीसी व्होल्टेज तसाच राहतो. बसबार (मॉड्यूलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या) सुटेपर्यंत हातमोजे काढायचे नाहीत. पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण निसटलेला पाना दोन टर्मिनलांवर पडला की तो तिथेच वितळतो.

आधी १२ व्होल्टची बॅटरी

काम करताना दारं, डिकी तासन्‌तास उघडी राहतात आणि मागची छोटी बॅटरी उतरते. ती उतरली की ईसीयू एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि भलतेच कोड लिहून ठेवतात. गाडी काही तास बंद असताना तिच्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ किंवा कमी असतील तर चार्जरच्या एजीएम मोडवर (या प्रकारच्या बॅटरीसाठीचा), ४ अँपिअरच्या आत, रात्रभर चार्ज करा. ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबून गाडी ‘इग्निशन ऑन’मध्ये आणा. आता व्होल्ट ११.५ च्या खाली घसरत असतील तर बॅटरी बदला. त्याआधी बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. गाडी रेडी (चालवायला तयार) झाल्यावर १३.८ च्या वर आकडा दिसला की मोठ्या पॅकवरून ही बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक आहे असं धरा.

कोड पुसू नका, आधी लिहून घ्या

स्वस्तातले रीडर फक्त इंजिनचा ईसीयू वाचतात. हायब्रिड आणि बॅटरी, दोन्ही ईसीयू वाचणारं साधन लागतं: टोयोटाचं टेकस्ट्रीम सॉफ्टवेअर, किंवा चांगल्या ब्लूटूथ ॲडॅप्टरसोबत डॉक्टर प्रियस ॲप. कोडबरोबर तीन आकडी इन्फो कोड (दोषाचा जास्तीचा तपशील) आणि फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाचे आकडे) यांचा फोटो काढा. १२ व्होल्टची वायर काढली की यातलं बरंच पुसलं जातं, म्हणून वाचन आधी आणि वायर काढणं नंतर.

पी३००० एकटाच दिसला तर त्यावरून काही ठरवू नका. तो हायब्रिड ईसीयूचा निरोप आहे: ‘बॅटरी ईसीयूला विचारा’. खरा कोड तिथे असतो.

गाडी रेडीच होत नाही

पी०ए०डी असेल तर इंटरलॉक (सगळं नीट बसल्याशिवाय उच्चदाब चालू न होऊ देणारं सर्किट) उघडा आहे, आणि दहातल्या बहुतेक वेळा कारण सर्व्हिस प्लगचा दांडा. तो बसवायच्या हालचाली तीन आहेत: प्लग आत ढकला, दांडा फिरवून उभा करा, मग सरकवून लॉक करा. तिसरी हालचाल लोक हमखास विसरतात. प्लग बसलेला दिसतो, पण लॉकमधला छोटा स्विच जुळत नाही. तो नीट सरकवा आणि पुन्हा पाहा. तरीही कोड राहिला तर इन्व्हर्टरचं झाकण किंवा उच्चदाबाच्या वायरचा कनेक्टर अर्धवट बसला आहे का ते शोधा.

पी०ए९५ म्हणजे उच्चदाबाचा फ्यूज. तो सर्व्हिस प्लगमध्येच असतो, मल्टिमीटरने दोन टोकांत कंटिन्युइटी पाहा. उडाला असेल तर नुसता बदलू नका. उलटं बसलेलं मॉड्यूल किंवा शॉर्ट झालेली वायर आधी शोधा. मॉड्यूल आलटूनपालटून उलट-सुलट बसतात, शेजाऱ्यांची धन आणि ऋण टोकं एका बाजूला आली पाहिजेत. एक जरी फिरलं तर त्या ब्लॉकवर १५-१६ ऐवजी जवळपास शून्य व्होल्ट दिसतात. म्हणूनच झाकण लावण्याआधी १४ ही ब्लॉक मीटरने मोजायचे.

यू०२९३ किंवा यू०१०० म्हणजे ईसीयूंमधला संवाद तुटला आहे. बॅटरी ईसीयूचा कनेक्टर क्लिक होईपर्यंत दाबा, पिना वाकल्या आहेत का पाहा.

रेडी होते, पण ब्लॉकचे कोड येतात

पी०ए८० म्हणजे ‘पॅक बदला’, आणि पी३०११ ते पी३०२४ म्हणजे अनुक्रमे ब्लॉक १ ते १४ कमकुवत. नवं मॉड्यूल घातल्यावर लगेच हे आले की लोक पुन्हा मॉड्यूल विकत घ्यायला धावतात. पैसे घालवण्याआधी हे करा: ॲपवर १४ ब्लॉकचे व्होल्ट आणि पॅकचा करंट एका पडद्यावर ठेवा, चढावर जोरात वेग घ्या, मग ब्रेक लावा. शेजारी बसून आकडे पाहणारा दुसरा माणूस हवा.

एक ब्लॉक करंट नसतानाही बाकीच्यांपेक्षा १.२-१.३ व्होल्ट कमी असेल तर त्यातला एक सेल मेला आहे. वाद नाही, ते मॉड्यूल काढा.

ब्लॉक वेग घेताना खाली जातो, ब्रेक लावल्यावर इतरांपेक्षा वर चढतो, आणि करंट शून्य झाला की क्षणात जागेवर येतो, तर संशय सांध्यावर घ्या. गणित साधं आहे. पॅकमधून १०० अँपिअर वाहताना बसबारच्या एका नटाखाली १० मिलिओहम जरी रोध असला तरी पूर्ण १ व्होल्ट तिथे पडतो. ईसीयूला तो ब्लॉकचाच अशक्तपणा वाटतो. पण तोच ब्लॉक करंट थांबल्यावर हळूहळू, अर्धा-एक मिनिट घेत सावरत असेल तर मॉड्यूलचीच क्षमता संपली आहे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. एक ब्लॉक कमी दिसतो आणि त्याचा शेजारी तेवढाच जास्त. दोन्हींची बेरीज बरोबर. हा सेन्स वायरचा, म्हणजे ईसीयूला ब्लॉकचे व्होल्ट कळवणाऱ्या वायरचा, दोष. दोन ब्लॉकांमधली वायर सामाईक असते, तिच्या टोकाला हिरवा गंज चढला की एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या खात्यात जातात. कधी पी३०३० कोडही येतो. थेट टर्मिनलांवर मीटर लावून मोजा. तिथे दोन्ही ब्लॉक सारखे असतील तर मॉड्यूल निर्दोष आहेत. ब्लॉक १ कोणत्या टोकाला आहे हेही असंच ताडून पाहता येतं. नुसती गणती करून चुकीच्या टोकाची मॉड्यूल काढणारे कमी नाहीत.

सांधे दुरुस्त करायचे तर घाईने नको. तांब्याचे बसबार काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, बारीक स्कॉचब्राइटने लखलखेपर्यंत घासा, पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पूर्ण सुकवा. मॉड्यूलचे टर्मिनलही पुसा. ८ मिलिमीटरच्या सॉकेटने ५६ नट आवळायचे असतात, प्रत्येकी ५.४ न्यूटन-मीटर, म्हणजे ४८ इंच-पाउंड. याला इंच-पाउंडचा छोटा टॉर्क पाना लागतो, चाकांचा चालत नाही. अंदाजाने आवळलं तर एक तर ढिला राहतो, नाहीतर प्लास्टिकमधला स्टड फिरतो आणि चांगलं मॉड्यूल कायमचं जातं.

जुनी मॉड्यूल घालताना त्यांची जुळणी व्होल्टवर करू नका. सगळी सारखीच ७.७ व्होल्ट दाखवतात. प्रत्येकाला ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब २ मिनिटं लावा, किती खाली येतं ते लिहा. हॉबी चार्जरवर क्षमता काढता आली तर उत्तम: मूळ ६.५ अँपिअर-तास, ४ च्या खालचं नको, आणि पॅकमधला फरक अर्ध्या अँपिअर-तासाच्या आत ठेवा. हे न करता एक बदललं की महिन्याभरात दुसरं जातं, कारण सबळ मॉड्यूलांमध्ये दुर्बळ आधी रिकामं होतं. पॅक दोन टोकांच्या पट्ट्यांत पूर्वीइतकाच घट्ट आवळा. सैल राहिलेली मॉड्यूल फुगतात.

पी०एए६: गळती

उच्चदाबाच्या भागाचा गाडीच्या पत्र्याशी संबंध आल्याचा हा कोड. या कोडसह गाडी चालू झाली तरी पॅकवर काम करताना धोका दुप्पट, कारण पत्रा आता सर्किटचा भाग झालेला असतो. इन्फो कोड ५२६ सर्वसाधारण आहे. ६१२ बॅटरीकडे बोट दाखवतो, ६११ एसी कॉम्प्रेसरकडे, ६१३ ट्रान्सॲक्सलकडे (मोटर आणि गिअरचा डबा). पॅक उघडल्यावर आलेला असेल तर ६१२ च असण्याची शक्यता मोठी.

कारणं दोन: झाकणाखाली चिमटलेली वायर, किंवा मॉड्यूलच्या तळातून झिरपलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पॅक गाडीबाहेर काढा, प्लग न लावता प्रत्येक भागाचं ऋण टोक आणि लोखंडी पेटी यांत डीसी व्होल्ट मोजा, मग धन टोक आणि पेटी. चांगल्या पॅकमध्ये आकडा लगेच शून्याकडे घसरतो. तो स्थिर राहिला तर गळतीची जागाच सांगतो. समजा ऋण टोकापासून ५४ व्होल्ट आले आणि एक मॉड्यूल ७.७ चं आहे, तर ५४ भागिले ७.७ म्हणजे ७. त्या टोकाकडून सातव्या आणि आठव्या मॉड्यूलच्या आसपास पाहा. पांढरट, चिकट डाग दिसला की मॉड्यूल बदला, पेटी व्हिनेगरने पुसून मग पाण्याने पुसा. हे द्रव्य डोळ्याला आंधळं करू शकतं, गॉगल घाला.

घरच्या विजेवर पॅक चार्ज करायची वायरिंग जोडली असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा. तिचा डिकीत सोडलेला कनेक्टर ओला झाला किंवा पत्र्याला घासला की हाच कोड येतो. दोन्ही वायरींना पॅकजवळ फ्यूज हवा, कनेक्टरला टोपण हवं. चार्जर साधारण ०.३५ अँपिअरचा आणि मेन्सपासून पूर्ण आयसोलेट असलेलाच वापरा, चार्ज होताना पॅकचा पंखा चालू ठेवा.

पंखा, तापमान, करंट

पी०ए८१, पी०ए८२ पंख्याचे. पंख्याला वेगळा स्विच आणि थेट १२ व्होल्ट दिले की हे येतात, कारण ईसीयू पंख्यावरचे व्होल्ट परत वाचतो आणि आपण न मागितलेला वेग पाहून गोंधळतो. स्विच जोडायचाच तर रिले लावून ईसीयूची वायर पूर्ण सोडवली जाईल असा जोडा आणि गाडी चालवताना तो बंद ठेवा. मागच्या सीटशेजारच्या हवेच्या जाळीत केस, धूळ अडकते, तीही काढा.

पी०ए९बी म्हणजे पॅकच्या तळाशी क्लिपने बसणारे तापमान सेन्सर. उणे ४० अंश दिसले तर कनेक्टर सुटला आहे. पी०एएसी हवेचा सेन्सर. पी०एबीएफ करंट सेन्सर: मोठी केबल त्याच्या आरपार जाते, तो उलटा बसला तर चार्ज होताना डिस्चार्ज दिसतो आणि गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या वेड्यासारख्या वरखाली होतात.

शेवटची चाचणी

कोड पुसा, सीट आणि प्लास्टिक अजून बसवू नका. अर्धा तास शहरात आणि चढावर चालवा. भाराखाली ब्लॉकांमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर काम चांगलं झालं. १ व्होल्टच्या वर गेला तर दिवा उद्या ना परवा परतणार, आत्ताच उघडा. १२ व्होल्ट काढल्यामुळे काचांचं ऑटो बटण विसरलेलं असतं, काच पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर धरून ठेवा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) चाचणी जवळ आली असेल तर लगेच जाऊ नका. कोड पुसल्यावर रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) कोरे असतात, ते पूर्ण व्हायला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं.

भारतात जुनी कॅमरी हायब्रिड घेणाऱ्यांना शोधण्याची हीच पद्धत लागू पडते, पण आकडे नाही. तिचा पॅक ३४ मॉड्यूलचा, २४४.८ व्होल्टचा आहे. टॉर्क आणि कोडची यादी तिच्याच दुरुस्ती पुस्तिकेतून घ्या.