कास पठारावर माणसं मोजायची कशी? निसर्ग-पर्यटनाच्या मूल्यमापनात नव्याने येणाऱ्यांसाठी

या विषयात येणाऱ्या मुलांचं लक्ष पहिल्या दिवसापासून सूत्रांकडे असतं. अहवाल मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, मोजणीतच फसतो. साताऱ्याजवळचं कास पठार उदाहरणाला घेऊ. फुलांचा हंगाम छोटा, साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, आणि होण्यासारख्या बहुतेक चुका इथे एकाच जागी भेटतात.

तिकिटांचा आकडा आयता मिळतो, पण रस्त्याकडेला गाडी उभी करून फोटो काढून निघून जाणारे त्यात नसतात. बरं, गाड्या मोजाव्यात तर हाच रस्ता पुढे बामणोलीला जातो. गावकरी, एसटी, बोटिंगला निघालेले, सगळे एका माळेचे मणी होतात. पायवाटेवर इन्फ्रारेड काउंटर (समोरून कुणी गेलं की नोंद करणारं यंत्र) लावला, तर दोघं खांद्याला खांदा लावून गेले की नोंद एकच पडते. उलट भिंगावरचे थेंब, डोलणारं गवत आणि गुरं खोट्या नोंदी वाढवतात. म्हणून यंत्राशेजारी माणूस बसवून पंधरा-पंधरा मिनिटांची हातमोजणी करावीच लागते. यंत्रात 400 आणि डोळ्यांनी 500 आले, तर गुणक, म्हणजे यंत्राच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो, 1.25. रविवारच्या गर्दीतला गुणक मंगळवारी चालत नाही, तो वेगळा काढा. शिवाय गेलेला माणूस त्याच वाटेने परत येत असेल, तर आकडा निम्मा करायला विसरू नका. हसू येईल, पण ही चूक होते.

दिवस निवडताना आळस महागात पडतो. समजा हंगाम 49 दिवसांचा आहे, त्यात 14 शनिवार-रविवार. सुट्टीच्या दिवशी सरासरी 3,000 माणसं, इतर दिवशी 600. खरी बेरीज 63,000. फक्त सुट्टीच्या दिवशी जाऊन तीच सरासरी सगळ्या हंगामाला लावली, तर 1,47,000! पुढचं गणित कितीही सुबक असलं तरी ही दुपटीहून मोठी चूक ते झाकू शकत नाही. (आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.)

प्रश्नावली बाहेर पडणाऱ्यांकडून भरून घ्या. आत शिरणाऱ्याला आपण किती वेळ थांबणार हे माहीत नसतं. दहा मिनिटांच्या वर गेली की उत्तरं ठोकून दिली जातात. ‘खर्च किती झाला?’ असं मोघम विचारलं की एक जण स्वतःपुरता सांगतो, दुसरा अख्ख्या गाडीचा. गाडीचा एकूण खर्च आणि वाटून घेणारी माणसं असे दोन रकाने ठेवा. पठारावर नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे फोनवर प्रश्नावली भरून घेणारं, ऑफलाइन चालणारं कोबो टूलबॉक्ससारखं साधन हवं, आणि पावसासाठी छापील कागदांची एक थप्पी प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आता मूल्य. अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला पत्रातून सुचवलेली कल्पना आजही पायाभूत आहे: तिकीट स्वस्त असलं तरी लांबून येणारा माणूस प्रवासापायी जास्त किंमत मोजतो, आणि त्यावरून मागणीची रेषा, म्हणजे खर्च वाढला की भेटी किती घटतात ते, काढता येते. हीच प्रवासखर्च पद्धत. कासला बरेच जण हंगामात एकदाच येतात, त्यामुळे ‘एका माणसाच्या किती फेऱ्या’ यावर उभं केलेलं मॉडेल लंगडतं. विभागवार पद्धत घ्या: सातारा तालुका, उरलेला जिल्हा, पुणे, सांगली-कोल्हापूर, मुंबई-ठाणे, आणि प्रत्येक विभागातून दर हजार लोकसंख्येमागे किती भेटी.

खर्चात इंधन, टोल, भाडं आणि वेळ. वेळेची किंमत तासाच्या कमाईच्या एक तृतीयांश धरण्याची चाल जुनी आहे. ती धरा, पण शून्य आणि पूर्ण कमाई धरूनही निकाल काढून शेजारी मांडा. खरी डोकेदुखी जोडसहलींची. पुण्याची गाडी ठोसेघर, सज्जनगड आणि कास एका दमात उरकते. सगळा खर्च कासच्या नावावर टाकला तर मूल्य फुगतं. ‘कास बंद असतं तर आज घरातून निघाला असता का?’ हा एक प्रश्न तिथे फार कामाला येतो. ‘हो’ म्हणणाऱ्यांचा पूर्ण खर्च धरू नका.

भेटींच्या संख्येचा लॉग घेतलेल्या मॉडेलमध्ये खर्चाचा गुणांक (खर्च एक रुपयाने वाढला की भेटींचा लॉग किती बदलतो) उणे 0.002 आला, तर उपभोक्त्याचं संतोषाधिक्य, म्हणजे माणूस जास्तीत जास्त जेवढे द्यायला तयार होता त्यातून प्रत्यक्ष खर्च वजा जाता उरलेलं, 1 भागिले 0.002, दर भेटीला 500 रुपये. गुणांक 0.0015 ते 0.003 मध्ये कुठेही असू शकत असेल, तर हेच मूल्य साधारण 667 ते 333 होतं. एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या.

हे 500 रुपये कुणाच्या गल्ल्यात पडत नाहीत. पठाराजवळच्या हॉटेलवाल्याला मिळालेले पैसे हा स्थानिक परिणाम झाला. तो वेगळा हिशेब. त्यातही साताऱ्यातल्याच माणसाने केलेला खर्च जिल्ह्यासाठी नवा नसतो, आणि पुण्यातून भाड्याने आणलेल्या गाडीचे पैसे पुण्यालाच परत जातात. दोन्हींची बेरीज करून ‘पर्यटनाचं एकूण मूल्य’ छापलेलं दिसलं, तर तो अहवाल बाजूला ठेवा.

न येणाऱ्यांनाही पठार टिकावं असं वाटतं. ते मोजायला ‘किती द्याल?’ अशी थेट पद्धत आहे. अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डीझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर तिच्यावर बराच वाद झाला आणि 1993 मध्ये केनेथ अ‍ॅरो व रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने तिचे नियम सुचवले. रक्कम सांगून हो-नाही विचारणं हा त्यातला मुख्य. आपल्याकडे ‘सरकारने द्यावेत’ म्हणून आलेलं शून्य वेगळं नोंदवा. ते खरं शून्य नसतं.

आर (संख्याशास्त्रासाठी) आणि क्यूजीआयएस (नकाशांसाठी) ही सॉफ्टवेअर आली तर काम मिळायला सोपं जातं. पण हंगामाआधी वनस्पती ओळखणाऱ्या कुणाला तरी गाठा. टोपली कारवी काही वर्षांतून एकदाच सामूहिक फुलते, आणि त्या वर्षी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मोजणीचं वर्ष नेमकं तेच निघालं, तर आकड्याशेजारी तसं लिहा आणि ‘दरवर्षी’ हा शब्द खोडा.