डोकेदुखी आणि मन: या चुका टाळा, निदान दुसऱ्यांदा तरी करू नका

न्यूरॉलॉजिस्टनी माझ्याकडे पाठवलेले पेशंट येतात तेच मुळी घुश्शात. ‘म्हणजे माझं दुखणं खोटं आहे, असं डॉक्टरांना वाटतं का?’ हा पहिला प्रश्न. मी समुपदेशक आहे आणि कॉलेजात असल्यापासून अर्धशिशीही बाळगून आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मला तोंडपाठ आहेत. पहिली तर माझीच आहे.

दुखेल या भीतीनं गोळी घेणं

काही वर्षांपूर्वी माझं डोकं जवळजवळ रोज दुखायला लागलं. अर्धशिशी महिन्यातून तीन-चारदा यायची, तिची ओळख होती: एका बाजूला ठणका, मळमळ, पडदे ओढून पडून राहायचं. हे प्रकरण वेगळं होतं. सकाळी डोळे उघडतानाच कुणीतरी डोक्यावर घट्ट टोपी चढवून ठेवल्यासारखं वाटायचं. मी त्याला ‘कामाचा ताण’ म्हणून मोकळी झाले. ताणाला नावं ठेवायचा धंदाच माझा.

एकदा किल्ली सापडेना म्हणून पर्स पलंगावर उलटी केली. किल्ली पडली आणि तिच्याबरोबर सात रिकाम्या पट्ट्या, चंदेरी कागद फाटलेल्या, काही दुमडलेल्या. कॅलेंडर घेऊन आठवायला बसले. गेल्या महिन्यात २३ दिवस गोळी घेतली होती. त्यातले निम्मे दिवस गोळी घेताना डोकं दुखतच नव्हतं. सकाळी कार्यशाळा आहे, घे. लांबचा प्रवास आहे, घे. काल दुखलं होतं, आजही दुखेल, घे. दिवसभर लोकांना चिंतेबद्दल सांगणारी बाई स्वतःची चिंता पाण्याबरोबर गिळत होती.

याचा हिशोब ठरलेला आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८च्या आवृत्तीनुसार, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि तीन महिन्यांहून जास्त काळ गोळ्यांचा मारा चालू असेल, तर ती औषधांच्या अतिवापरातून आलेली डोकेदुखी. ‘मारा’ म्हणजे साधी वेदनाशामक गोळी महिन्याला १५ किंवा अधिक दिवस. ट्रिप्टान (खास अर्धशिशीवरच्या गोळ्या), कोडीनसारखी अफूच्या जातीची औषधं किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी असेल तर १० किंवा अधिक दिवस. यात दिवस मोजायचे असतात, गोळ्या नव्हे. एका दिवसात दोन घेतल्या तरी दिवस एकच. माझी गोळी मिश्र होती, कॅफिनवाली. मर्यादा १०ची आणि मी २३ वर.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. पहिला आठवडा काय गेला ते विचारू नका. उलट्या, झोप नाही, आणि सहाव्या दिवशी स्वयंपाकघरात फरशीवर बसून मी ओक्साबोक्शी रडले. औषध सुटताना काही दिवस दुखणं वाढतं, हे मला आधी सांगितलेलं होतं, तरीही. तिसऱ्या आठवड्यात टोपी सैल झाली आणि पुढे जुनी अर्धशिशी आपल्या जुन्या वेळापत्रकानं परतली. तिला पाहून मला चक्क बरं वाटलं. (हे वाचून उद्यापासून सगळं एकदम बंद करू नका. कोडीनसारखी किंवा झोपेची औषधं चालू असतील तर ती एकट्यानं तोडणं धोक्याचं असतं.)

आता माझी सवय: गोळी काढली की पट्टीवरच, त्या रिकाम्या खड्ड्याशेजारी, पेननं तारीख टाकते. लोक अ‍ॅप सुचवतात. अ‍ॅप उघडायला कंटाळा येतो, पट्टी तर हातातच असते. आणि गोळी फोडायच्या आधी स्वतःला विचारते, दुखतंय की दुखेलसं वाटतंय? खरंच अर्धशिशी सुरू झाली असेल तर मात्र ‘बघू सहन होतंय का’ म्हणत ताटकळत नाही. त्या वेळी औषध लवकर घेतलं तरच नीट लागू पडतं.

अर्धी गोष्ट एका डॉक्टरला, अर्धी दुसऱ्याला

ही माझी दुसरी लाडकी चूक. न्यूरॉलॉजिस्टला उदासीबद्दल सांगायचं नाही, ‘तो त्यांचा विषय नाही’. मानसोपचारतज्ज्ञाला डोकेदुखीच्या गोळ्या सांगायच्या नाहीत, ‘त्या काय, साध्याच’.

एक गृहस्थ माझ्याकडे आले ते अगदी विझलेले. कशात रस नाही, रात्री जाग, बायकोशी बोलणं बंद. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं औषध सुरू करून डोस दोनदा वाढवला होता, फरक शून्य. मी पहिल्या भेटीतच सगळ्यांना सांगते, घरात असतील तेवढ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. त्यांनी आणल्या. त्यात फ्लुनारिझिन होतं, अर्धशिशी येऊ नये म्हणून रोज रात्री घ्यायचं, चार महिने चालू. उदासी किती दिवसांची? तीन महिन्यांची. फ्लुनारिझिननं काहींचा मूड खाली जातो. नैराश्य आधी होऊन गेलं असेल तर ते देणं टाळतात, आणि या गृहस्थांना दहा वर्षांपूर्वी ते झालं होतं. हे त्यांनी डोक्याच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं. मी दोन्ही डॉक्टरांना फोन केले. औषध बदललं.

टोपिरामेट या अर्धशिशी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाबाबतही अशीच सावधगिरी लागते. उलट दिशेनंही हे होतं: नैराश्याच्या काही गोळ्या सुरू केल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे डोकं दुखू शकतं, आणि त्या एकदम सोडल्या तरी दुखतं, वर चक्कर. दोन्ही बाजू डॉक्टरला माहीत असतील तर एका दगडात दोन पक्षीही मारता येतात. व्हेनलाफॅक्सिन नैराश्यावर चालतं, अर्धशिशी रोखायलाही वापरतात.

‘मला वेड्याची गोळी दिली’ म्हणून ती फेकणं

अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुनं नैराश्याचं औषध. डोकेदुखी रोखायला ते बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, नैराश्यासाठीचा डोस बराच मोठा असतो. मोबाइलवर नाव शोधून, घाबरून तिसऱ्या दिवशी बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. असल्या औषधाचा निकाल सहा-आठ आठवड्यांनी लावायचा असतो.

‘आधी कोण?’ हा वाद

मन खचलं म्हणून डोकं दुखतं, की डोकं दुखतं म्हणून मन खचतं? घराघरात हा खटला चालतो आणि निकाल सहसा पेशंटच्या विरोधात लागतो. अर्धशिशी असणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळतं, आणि नैराश्य असणाऱ्यांत पुढे अर्धशिशी सुरू होण्याची शक्यताही वाढते. रस्ता दुहेरी आहे. महिन्यातले दुखण्याचे दिवस जसे वाढतात तसं मनावरचं ओझंही वाढतं. दोन्हीकडे एकदम हात घाला, खटला राहू द्या.

यातच एक गंमत लपलेली असते. ‘चिडचिड झाली की माझं डोकं उठतं,’ असं लोक खात्रीनं सांगतात. प्रत्यक्षात अर्धशिशीची चाहूल दुखण्याच्या काही तास, कधी दोन दिवस आधी लागते: जांभया, मान आखडणं, उगाच उदास वाटणं आणि चिडचिड. म्हणजे पोरावर ओरडलात तेव्हा झटका सुरू झालेलाच होता. हे कळल्यावर अनेकींचा अपराधीपणा निम्मा उतरलेला मी पाहिलाय.

तहान लागल्यावर विहीर खणणं

डोकं फुटायची वेळ आली की दीर्घ श्वसनाचा व्हिडिओ लावायचा, आणि दहा मिनिटांत काही झालं नाही की ‘हे सगळं थोतांड’. स्नायू सैल सोडणं, बायोफीडबॅक (यंत्रावर शरीराचे संकेत पाहून ते आवरायला शिकणं), विचार-वर्तन उपचार यांचा उपयोग होतो, पण ते बऱ्या दिवशी, रोज, आठवडेच्या आठवडे करावे लागतात. ‘दोन सेशनमध्ये होईल ना?’ विचारणाऱ्यांना मी आता सरळ नाही म्हणते.

डायरीचा अतिरेक

एक बाई ३० रकान्यांचा तक्ता घेऊन आल्या होत्या: हवा, वास, उजेड, कोण काय बोललं, सगळं. दोन महिन्यांत त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं, कारण प्रत्येक गोष्ट संशयित. माझ्या डायरीत चारच रकाने असतात: डोकं ० ते ३, मन ० ते ३ (० म्हणजे ठीक, ३ म्हणजे फार वाईट), झोपेचे तास, गोळी. मनाचा आकडा सलग दोन आठवडे वर राहिला की मी स्वतः मदत मागते. ‘यापेक्षा मेलेलं बरं’ हा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला आणि घरात कुणाला तरी सांगायचं. पेशंट हे वाक्य माझ्यासमोर हसत हसत बोलतात. मी हसत नाही.

सगळंच टेन्शनवर ढकलणं

क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. डोकेदुखीसोबत ताप आणि ताठ मान. बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, दृष्टी जाणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. यातलं काहीही असेल तर थेट इस्पितळ गाठायचं, समुपदेशक नंतर. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही ताण समजून अंगावर काढू नका.

बाकी किरकोळ. चहा-कॉफी एका दिवसात तोडू नका, तीही सुटताना डोकं धरते. सकाळी रोज जड डोक्यानं उठत असाल आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या. आणि आठवडाभर राबून सुट्टीच्या सकाळी अर्धशिशी येते तेव्हा ‘सुट्टीसुद्धा सोसत नाही मला’ म्हणून रडू नका. ताण एकदम उतरला की झटका येतो, ही नोंदलेली गोष्ट आहे. त्यात उशिरापर्यंत लोळलं की भरच पडते. माझा गजर रविवारीही सहालाच वाजतो. घरच्यांनी एकदा तो लपवून ठेवला होता.